गाडीच्या सौद्यात आपणही बसावे

मैत्रिणींनो, घरात सोने घ्यायचे असले की सराफाच्या पेढीवर आपण सर्वांच्या पुढे असतो. हॉलमार्क बघतो, घडणावळ विचारतो, चार दुकाने फिरून मगच पर्स उघडतो. साडी घेताना पदर उलटून बघतो. भेंडीसुद्धा शेंडा मोडून बघितल्याशिवाय पिशवीत पडू देत नाही. पण गाडीचा विषय निघाला, की "ते पुरुषांचं काम" असे म्हणून आपण मोकळ्या होतो. दोन-तीन लाखांचा सौदा बाहेरच्या खोलीत होतो आणि आपल्याला कळते ते पेढे वाटायच्या वेळी.

माझे म्हणणे असे, की हे आता चालायचे नाही. गाडीचे इंजिन आपल्याला कळत नसेल. पण माणूस कळतो, भाव कळतो आणि कुणी गोड बोलायला लागले की त्यामागे काय असते तेही कळते. जुन्या गाडीच्या व्यवहारात आज नेमकी हीच अक्कल लागते.

पूर्वी जुनी गाडी ओळखीतच विकली जायची. फियाट-ॲम्बॅसेडरच्या काळात आणि 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली त्यानंतरही बरीच वर्षे, गाडी कुणाची, ती कोणत्या गॅरेजला जाते, घेणारा कुठला, हे गल्लीला ठाऊक असे. कुणी फसवलेच तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन उभे राहता येई. आता मोबाईलवर चार फोटो आणि किंमत टाकली की अर्ध्या तासात कुठल्या कुठल्या गावाहून फोन सुरू होतात. समोरच्याचे नाव खरे की खोटे, तो आहे कुठे, काही समजायला मार्ग नाही. शिवाय दुपारच्या वेळी हे फोन घेते कोण? घरी असते ती बाईच.

2024 च्या दिवाळीनंतर आम्ही आमची वॅगन-आर विकायला काढली. पुतण्याने फोटो काढून जाहिरात टाकून दिली. हे ऑफिसात, माझी शाळा सकाळची. तेव्हा दुपारचे फोन माझ्याकडे आले. तिसराच फोन होता तो असा : "जय हिंद मॅडम! मैं फौज से बोल रहा हूँ." गाडी पसंत आहे, म्हणाला. किंमत? तीही पसंत आहे! गाडी बघायला कधी येता, असे विचारले तर म्हणे, बदलीची ऑर्डर आली आहे, वेळ नाही, माझा माणूस येऊन घेऊन जाईल. विसार म्हणून पाच हजार आत्ता पाठवतो.

मला खटकले ते एवढेच, की गृहस्थाने घासाघीस केली नाही. अहो, जुनी बादली विकताना बोहारीण सुद्धा अर्धा तास हुज्जत घालते! आणि न बघितलेल्या गाडीला सांगितली ती किंमत द्यायला हा तयार! दोन मिनिटांत त्याने गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवले. पाठोपाठ एक क्यूआर कोड आला. "इसको स्कॅन कीजिए और पिन डालिए, पैसा आपके खाते में आ जाएगा."

इथे मात्र मैत्रिणींनो, कान टवकारून ऐका. मोबाईलवरून पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावे लागत नाही आणि पिन तर मुळीच टाकावा लागत नाही. पिन टाकायचा तो फक्त आपल्या खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना. पिन म्हणजे आपल्या कपाटाची किल्ली. पैसे आणून ठेवणाऱ्याला ती कशाला हवी? पूर्वी ही माणसे पैशांची ‘मागणी’ पाठवायची आणि घाईत बाई ‘हो’वर बोट ठेवायची. ऑक्टोबर 2025 पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवायची सोयच बंद करण्यात आली. पण क्यूआर कोड आहेच, आणि पिन विचारणारी जीभही आहेच. मी त्या माणसाला म्हटले, "भाऊ, आधी गाडी बघायला या. पैशाचं मग बोलू." फोन कट झाला तो झालाच.

फौजीचेच सोंग का घेतात? कारण आपला विश्वास. आमच्या सांगली-सातारा-कोल्हापूर भागात सैन्यात मुलगा नाही असे गाव सापडायचे नाही. गणवेश बघितला की आपण आदराने उठून उभ्या राहतो. त्या आदराचाच हे लोक बाजार मांडतात. गाडी विकणारे म्हणूनही हेच सोंग येते : "बदली झाली, गाडी कॅंटीनच्या गोदामात आहे, स्वस्तात देतो, वाहतुकीचे पैसे आधी पाठवा." खरा जवान सुट्टीवर येतो, नाहीतर आपल्या भावाला पाठवतो, गाडी दाखवतो, कागद दाखवतो. न बघितलेल्या गाडीसाठी एक रुपयासुद्धा पाठवू नये, मग समोरचा कोणीही असो.

एक रुपयावरून आठवले. आमच्या शेजारच्या वहिनींना अशाच एका गिऱ्हाइकाने सांगितले, की खात्री म्हणून आधी एक रुपया पाठवून बघा. त्यांनी पाठवला, तर लगेच दोन रुपये परत आले. वहिनींना वाटले, माणूस सरळ आहे. मग दहा हजारांचा कोड आला आणि ते दहा हजार गेले. तो म्हणाला, चूक झाली, परत करतो, पुन्हा स्कॅन करा. पुन्हा दहा गेले.

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. वहिनी त्या दिवशी कुणालाच काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वयंपाक केला, मुलांचा अभ्यास घेतला. "घरी काय सांगू? सासूबाई काय म्हणतील?" या विचारात दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी भावजींना सांगितले तेव्हा पैसे त्या खात्यातून कधीच पुढे गेले होते. भावजी रागावले नाहीत हो. ते एवढेच म्हणाले, "अगं, त्याच वेळी का नाही सांगितलंस?" वहिनी म्हणतात, वीस हजारांपेक्षा ते वाक्य अजून जास्त टोचते.

तेव्हा हा आकडा पाठ करून ठेवा : 1930. पैशाच्या फसवणुकीसाठी सरकारने ठेवलेला हा फोन आहे. फसवले गेल्याचे कळताच पहिला फोन तिथे करायचा आणि दुसरा आपल्या बँकेला. तक्रार जितकी लवकर, तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडवून धरायची शक्यता जास्त. एक-दोन तासांतही पैसे चार खात्यांतून फिरतात. म्हणून रडायचे ते नंतर रडावे, फोन आधी करावा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रारही देता येते. आणि घरातल्या मोठ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की फसलेल्या बाईला बोल लावू नका. तिची भीती जितकी मोठी, तितका चोराला पळायला वेळ जास्त.

आता दुसरा प्रकार ऐका. हा इतका बेमालूम आहे की गाडी खरी, मालक खरा, कागद खरे, तरी पैसे बुडतात! मिरजेला नात्यातल्या एकांच्या बाबतीत हे थोडक्यात टळले. चोर काय करतो, आपली जाहिरात बघून आपल्याला फोन करतो आणि किंमत मान्य करतो. मग तेच फोटो वापरून, किंमत बरीच कमी करून, स्वतःच्या नावाने दुसरी जाहिरात टाकतो. तिला भुलून खरे गिऱ्हाईक सापडते. त्याला सांगतो, "गाडी माझ्या मेहुण्याकडे आहे. जाऊन बघा, पण त्याच्याशी पैशाचं बोलू नका, आमचा घरगुती हिशेब आहे." आणि मालकाला सांगतो, "माझा माणूस गाडी बघायला येतोय. मी त्याचं देणं लागतो, म्हणून किंमत त्याच्यापुढे काढू नका. पैसे मी देतो." दोघेही सज्जन, दोघेही गप्प. गिऱ्हाईक गाडी बघून खूश होते आणि पैसे पाठवते ते चोराच्या खात्यात. मग हे म्हणते, "गाडी द्या", मालक म्हणतो, "पैसे कुठं आहेत?" आणि दारात भांडण जुंपते.

मिरजेला वाचले ते तिथल्या काकूंमुळे. सरबत देता देता त्यांनी सहज विचारले, "काय हो, कितीला ठरली म्हणायची?" पाहुण्याने आकडा सांगितला आणि काकांचे डोळेच विस्फारले, त्यांच्या आकड्यात आणि या आकड्यात नव्वद हजारांचा फरक! म्हणून म्हणते, "किंमत बोलू नका" असे कुणी सांगितले की तीच मोठ्याने बोलावी. आणि पैसे द्यायचे ते गाडीच्या आरसी बुकावर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात. मेहुणा नको, पुतण्या नको, "मॅनेजर" नको.

आता घेणाऱ्यांसाठी. गाडी बघायला दिवसाउजेडी जावे, ती मालकाच्या घरी बघावी आणि आपला मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याला चार-पाचशे द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत. पण मेकॅनिक इंजिन बघत असताना आपणही गाडीत बसावे. आमच्या सांगलीत ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेले. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून दूरच्या गावी विकली जाते. ती ओळखायला नाक लागते, आणि कुबट वास आपल्याइतका कुणाला कळतो? काचा बंद करून पाच मिनिटे बसा. पायाखालची चटई वर करून हात फिरवा. ओलसरपणा, बारीक गाळ लागतो का बघा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारा पट्ट्याचा बाहेरचा भाग धुतो, आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ तशीच राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेले असतील तर समजून जावे.

किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नये. तो मागे फिरवता येतो. गाडी तीस हजारच चालली असे सांगतात आणि ब्रेकचे पॅडल झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत! जिभेपेक्षा अशा खुणा जास्त खऱ्या. सर्व्हिसिंगची बिले मागावीत. त्यांवर तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात.

मग कागद. गाडीचा नंबर घालून सरकारच्या परिवहन ॲपवर बघितले की नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे दिसते. मालकाच्या नावातली काही अक्षरे झाकलेली असतात, तरी ताळा करता येतो. बोजा असेल तर "कर्ज फिटलंय हो" या तोंडच्या शब्दावर जाऊ नये. बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हाती हवा, तो आर.टी.ओ.त दिल्याशिवाय बोजा उतरत नाही. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकेक आकडा जुळवून बघावा. खाडाखोड, नवा रंग दिसला तर नमस्कार करून परत यावे. बाहेरच्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण तिला तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म 28, लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो, हे हिशेबात धरावे. थकलेली चलने ऑनलाईन बघावीत आणि भरून घ्यावीत. किल्ल्या दोन्ही मागाव्यात. गाडी विकून, दुसरी किल्ली ठेवून, रात्री तीच गाडी पळवणारे महाभागही आहेत.

आणि आता विकणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे. पैसे मिळाले, किल्ली दिली, गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, की आपल्याला वाटते सुटलो. नाही हो! आर.टी.ओ.च्या दप्तरात नाव बदलत नाही तोवर गाडी आपलीच.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी गाडी एका दलालाला विकली. त्याने फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतल्या आणि "करतो ट्रान्सफर" म्हणाला. पुढे वर्षभर गुरुजींच्या मोबाईलवर चलने येत होती, आज सोलापूर तर उद्या पुणे. जन्मात सिग्नल न मोडलेला माणूस, पोस्टमन आला तरी धसकू लागला. बाई त्यांना सारख्या म्हणायच्या, "उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर?"

त्यांची भीती खोटी नव्हती. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला आहे. गाडी 2007 मध्ये विकलेली. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत राहिली. 2009 मध्ये अपघात झाला तेव्हाही नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर होती. न्यायालयाने सांगितले, ज्याचे नाव नोंदणीत तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. विचार करा, गाडी जाऊन दोन वर्षे झालेली आणि कुणाच्या तरी मृत्यूची भरपाई आपल्या दारात!

म्हणून कायदा काय सांगतो ते लक्षात ठेवा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. कळवायचा तो फॉर्म 29, नाव बदलायच्या अर्जाचा फॉर्म 30. त्यांवर घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करावी, कोऱ्यावर कधीही नाही. विम्यासाठीही घेणाऱ्याने 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. दलालाला गाडी द्यायची असेल तर त्याने सरकारी अधिकारपत्र घेतले आहे का विचारा. डिसेंबर 2022 च्या नियमाप्रमाणे अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची नोंद परिवहन खात्याकडे करायची असते. ती झाली की आपल्याला निदान आधार राहतो.

किल्ली देताना साध्या कागदावर पावती करावी : गाडीचा नंबर, रक्कम, दोघांची नावे, सह्या, दोन साक्षीदार, तारीख आणि वेळसुद्धा. वेळ अशासाठी, की दुपारी दोनला गाडी दिली आणि चारला तिने काही केले, तर आपल्यापाशी पुरावा हवा. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी. आपली प्रत देताना तिच्यावर ‘अमुक नंबरची गाडी विकण्यासाठी’ असे आडवे लिहून द्यावी, म्हणजे ती दुसरीकडे चालत नाही.

पैसे बँकेतून बँकेत घ्यावेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने 2017 पासून मनाई आहे, आणि दंड होतो तो घेणाऱ्याला. "पैसे पाठवले, हा बघा मेसेज" यावर विसंबू नये. मेसेज बनावट असतो. आपले खाते उघडून शिल्लक बघावी. चेक असेल तर तो वटेपर्यंत गाडी दारातच उभी राहू द्यावी. गिऱ्हाइकाला गाडी चालवून बघायची असेल तर घरातले कुणीतरी शेजारी बसवावे. एकट्याच्या हाती किल्ली देऊ नये. शेवटी फास्टॅग बंद करायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्याच्या टोलचे पैसे आपल्या खात्यातून जात राहतात. आणि दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट गाडीची नसते, आपली असते. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले तर ती पुढच्या गाडीला वापरता येते. नव्या गाडीच्या विम्यात काही हजार वाचतात, म्हणजे मुलांची सहल त्यात बसते.

आमची वॅगन-आर शेवटी कवठेमहांकाळच्या एका शेतकरी कुटुंबाने घेतली. नवरा-बायको दोघेही आले होते. त्याने बॉनेट उघडून बघितले आणि तिने मागच्या सीटवर बसून दोन्ही दारे चार वेळा लावून बघितली. पाच हजार कमी करा म्हणून तासभर अडून बसली. तीन कमी केले तेव्हा उठली. मला ती बाई फार आवडली. दहा दिवसांत यांनी आणि त्यांच्या घरधन्याने कागद आर.टी.ओ.त दिले, आणि परिवहन ॲपवर त्यांचे नाव दिसू लागले त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

मैत्रिणींनो, कपाटाच्या दाराला आतून आपण डॉक्टरांचा, गॅसवाल्याचा नंबर चिकटवतो ना, त्याखाली आजच 1930 लिहून ठेवा. सासूबाईंना, कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही दाखवा. आणि घरात गाडीची बोलणी निघाली की निःसंकोचपणे खुर्ची ओढून बसा. "तुला काय कळतंय यातलं?" असे कुणी म्हटलेच, तर एकच विचारा : "नाव कधी बदलून होणार?" तारीख मिळेपर्यंत किल्ली आपल्याच पदराला बांधलेली असू द्या.